तिरंदाजाचा दम

सोलापुरात धनुर्विद्या सुरू करणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात, "दम वाढवायला काय करायचं?" दम लागतोच, पण धावणाऱ्याला लागतो तसा नाही. रिकर्व्हचं, म्हणजे ऑलिम्पिकमधल्या टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचं टार्गेट ७० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटरचं. छाती जराशी हलली तरी साईट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, टार्गेटच्या मधल्या पिवळ्या भागावरून सरकते.

म्हणून छाती फुगवून श्वास कोंडायची सवय आधी मोडा. त्यानं खांदे वर चढतात, मान आखडते, दोरी छातीला घासते. मी मुलांना असं शिकवतो: धनुष्य उचलताना पोटातून श्वास आत घ्यायचा. दोरी हनुवटीखाली टेकेपर्यंत त्यातला अर्धा सोडायचा आणि तिथंच थांबायचं. घसा आवळायचा नाही, पाठीचा ताण चालू ठेवायचा. क्लिकर (दोरी पुरेशी ओढली की टिक वाजणारी धनुष्यावरची पट्टी) वाजला, बाण गेला, की उरलेला श्वास आपसूक बाहेर पडतो. हे थांबणं सहा-सात सेकंदांच्या पुढे गेलं की हात थरथरतो. मग हट्ट न करता दोरी सावकाश परत आणा. सामन्यात एका बाणाला २० सेकंदच मिळतात, तरीही घाईत सोडलेल्या बाणापेक्षा हे परवडतं.

श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते. मनगटावर बोटं ठेवून बघा, लगेच कळतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजांचे ठोके थेट पडद्यावर दाखवले, तेव्हा माझ्या मुलांना हे जास्त पटलं.

मग फुप्फुसांचं काय? पात्रता फेरीत ७२ बाण. प्रत्येक वेळी तेवढंच वजन ओढायचं, वर आपल्याकडचं एप्रिल-मेचं चाळिशीपारचं ऊन. ज्याचा दम चांगला, त्याचा श्वास दोन बाणांमध्ये लवकर जागेवर येतो. शेवटच्या फेऱ्यांत फरक पडतो तो इथंच. त्यासाठी फुगे फुगवत बसू नका. पहाटे कंबर तलावाच्या बाजूनं हळू पळा, पळताना बोलता आलं पाहिजे. घरी धनुष्य न घेता, पोटावर हात ठेवून वरचाच क्रम करा.

यंत्रमागाशेजारी राहणाऱ्या मुलांचा खोकला मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. दम्याचा पंप चालू असेल तर प्रशिक्षकांना सांगा. आणि ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधं या खेळात बंदी असलेली आहेत, त्यामुळे घरातली बीपीची गोळी मुलाच्या हाती चुकूनही देऊ नका.