चेंबरचा गिलावा पुन्हा पुन्हा का गळतो?

कोथरूड, सिंहगड रोडकडच्या जुन्या सोसायट्यांत ड्रेनेज चेंबर उघडलं की एक गोष्ट दिसते: पाण्याखालचं काँक्रीट ठणठणीत, झाकणाजवळचं मात्र ओल्या खडूसारखं. मैल्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यावरच्या मोकळ्या जागेत साठतो, ओल्या भिंतीवरचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंटमधला चुना खातं.

मिस्त्री म्हणेल, "सल्फेट-रेझिस्टंट सिमेंट लावू." नको! ते सल्फेटला टिकतं, आम्लाला नाही. हाय अ‍ॅल्युमिना सिमेंटचा तयार रिपेअर मॉर्टर मागा. महाग आहे, पण दर दोन वर्षांनी तोडफोड कोण करणार? त्यात साधं सिमेंट किंवा चुना अजिबात मिसळू देऊ नका, घमेल्यातच आवळून घट्ट होईल. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच.

त्याआधी मऊ थर छिन्नीने पूर्ण काढा, धुवा, ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन (आम्लाने न खाल्लेल्या काँक्रीटवर गुलाबी होणारं द्रावण) मारा. गडद गुलाबी झालं तर खालचं काँक्रीट शाबूत. रंगच आला नाही तर अजून खरवडा. सगळं मे महिन्यात उरका, पावसात चेंबर कोरडं मिळत नाही.

आणि कुणालाही "जरा उतरून बघ" म्हणू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो. लाइन बंद करून, वायू तपासून, हवा खेळती ठेवून काम करणारा कंत्राटदारच बोलवा.