मॉडेल इंजिनच्या सिलिंडरमध्ये बारीक पोर्ट कापताना या चुका टाळा

छोट्या वाफेच्या इंजिनात सगळ्यात नाजूक काम असतं ते पोर्टफेसवर, म्हणजे ज्या सपाट पृष्ठभागावर स्लाइड व्हॉल्व्ह (वाफेची वाट उघडणारी-मिटवणारी सरकती झडप) मागेपुढे सरकतो त्यावर. सपाट पितळेवर तीन अरुंद खाचा, म्हणजेच पोर्ट, पाडायच्या: कडेच्या दोन वाफ आत सोडणाऱ्या, मधली जरा रुंद, वापरलेली वाफ बाहेर नेणारी. इथे एंड मिल (खाचा पाडणारे फिरते कटर) पटापट तुटतात आणि खापर फुटतं स्वस्त कटरवर. माझ्या मते बहुतेक वेळा कटर निर्दोष असतो, दोष रनआउटचा, म्हणजे कटर मध्यावर न फिरता वाकडा फिरण्याचा असतो.

1 मिमीच्या दोन धारांच्या कटरची एकेक धार पितळात साधारण 0.01 मिमी कापते. ड्रिल चकमध्ये धरलेला कटर 0.03 मिमी जरी वाकडा फिरला, तरी सगळा भार एकाच धारेवर येतो. कटर कोलेटमध्येच (दांड्याला सगळीकडून सारखं आवळणाऱ्या चिरा असलेल्या नळीत) धरा, कमीत कमी बाहेर ठेवा. कटरच्या दांड्याला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून स्पिंडल हाताने फिरवा. काटा जास्त हलला तर कोलेट पुसा, कटर थोडा फिरवून पुन्हा आवळा.

धारेचा कापण्याचा वेग मिनिटाला 60 मीटर धरला तर या कटरला 19,000 आरपीएम लागतील. घरातलं मशीन 2,500 वर थांबत असेल, तरी काम होतं. फक्त फीड (काम पुढे सरकवण्याचा वेग) मिनिटाला 50 मिमीच्या आत ठेवा. एका वेळी खोली 0.1 ते 0.2 मिमी, आणि दर फेरीनंतर खाचेतला बुरा ब्रशने काढा. दबलेला बुरा कटर मोडतोच.

1.5 मिमीची खाच 1.5 च्याच कटरने पाडू नका, ती रुंद होते. 1 मिमीने मधून कापा, मग एकेक बाजू मापाला आणा. मशीनच्या टेबलाची न लागणारी स्लाइड लॉक करा.

पोर्टच्या कडांना कानस अजिबात लावू नका! व्हॉल्व्हचं टायमिंग त्याच कडांवर ठरतं. फेस सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक एमरी कागदावर घासला की पुरे. खाचांची टोकं गोल राहिली तरी चालतं.

सिलिंडरच्या टोकाकडून पोर्टकडे जाणारं तिरकं भोक पाडताना ड्रिल घसरतं. आधी एंड मिलने छोटी सपाट जागा करा. पितळात ड्रिल ओढलं जातं, म्हणून धारेच्या पुढच्या बाजूवर ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) फिरवून तिचा आत ओढणारा तिरकेपणा काढून टाका. भोक खाचेत फुटायच्या वेळी दाब जवळपास सोडून द्या. बोअरच्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या पोकळीच्या) तोंडाशी राहिलेली बर, म्हणजे धातूची उरलेली टोकदार कड, स्क्रेपरने हाताने काढा, नाहीतर पिस्टनवर ओरखडे पडतील.