आई मराठी, बाबा मल्याळी: मुलाला दोन्हीकडचं आपलं वाटावं म्हणून

वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये अशा जोडप्यांचं कुणाला नवल राहिलेलं नाही. 'तू नक्की कुठला रे?' हा प्रश्न मात्र मुलाला पहिली-दुसरीतच गाठतो. घरात कितीही समजावलं तरी तो अडखळतो. दोन्हीकडचं एखादं काम त्याच्या हातात असेल, तर सहसा अडखळत नाही.

आधी भाषा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, शिवाय खाली खेळायला गेलं की मराठी-हिंदी कानावर पडतेच. म्हणून घरातला वेळ मल्याळमला द्या. बाबा रात्री नऊला घरी येत असतील तर 'बाबा फक्त मल्याळम बोलतील' हा नियम आठवडाभरही टिकत नाही. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं अच्छम्माला, म्हणजे बाबांच्या आईला, व्हिडिओ कॉल लावा, पण काम देऊन: आज डब्यात काय होतं ते सांग, तिच्या अंगणातली झाडं मोज. नुसतं 'बोल ना आजीशी' म्हटलं की मूल पळतं. उत्तर मराठीत आलं तर टोकू नका, तेच वाक्य मल्याळममध्ये म्हणून पुढे चला. आणि पाहुण्यांसमोर 'बोलून दाखव' तर अजिबात नको.

लिपीसाठी केरळ सरकारच्या मल्याळम मिशनचे वर्ग आहेत. पहिला अभ्यासक्रम 'कणिक्कोन्ना', दोन वर्षांचा. सुरुवात दसऱ्याला करावी. त्या दिवशी आपल्याकडे पाटीपूजन, त्यांच्याकडे विद्यारंभम. तांदळात बोटाने 'हरि श्री गणपतये नमः' गिरवून घ्या आणि शेजारी पाटीवर सरस्वती काढा. एकाच सकाळी दोन्ही होतं.

सणांची खरी ओढाताण भाद्रपदात. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, गणेशोत्सवातच आला. सगळं करायला गेलात तर आई-बाबा दमतात आणि मुलाच्या वाट्याला चिडचिड येते. पूकळम, म्हणजे ओणमची फुलांची रांगोळी, दहा दिवस घालायचा हट्ट सोडा, पहिला दिवस अत्तम आणि तिरुवोणम एवढे दोन दिवस पुरेत. फरशीवर खडूने आधी वर्तुळं आखा, पंखा बंद ठेवा, पाकळ्या मुलाला भरू द्या. स्वयंपाक मात्र जुळतो: दोन्हीकडे शाकाहारी, दोन्हीकडे नारळ. दोन वाट्या तांदळाच्या पिठीची उकड काढली की एकवीसएक मोदक होतात. पाच वर्षांच्या हाताला कळ्या जमत नाहीत, सारण बाहेर येतं, मूल हिरमुसतं. त्याला त्याच उकडीचे, त्याच गूळखोबऱ्याचे गोल कोळुक्कट्टा वळायला द्या. ते नैवेद्याच्या ताटात मोदकांशेजारीच ठेवा, वेगळ्या वाटीत नको.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव अशा क्रमाने लिहितात. मल्याळी बाबांना बरेचदा आडनावच नसतं, नुसतं आद्याक्षर असतं. ते आधी बाबांच्या आधार आणि पासपोर्टवर पूर्ण लिहून घ्या, मग तेच स्पेलिंग जन्मदाखल्यावर द्या. नाव ठरायला वेळ लागत असेल तर जन्मनोंद बिननावाची करता येते आणि नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. घराण्याचं नाव लावायचं की बाबांचं, हा वाद दोन्ही आज्यांसमोर याच मुदतीत मिटवा.