कंद लावले त्याच दिवशी जाळी टाका, उद्यावर ढकलू नका

परतीचा पाऊस उघडला की पुण्यात ग्लॅडिओलसची गडबड सुरू होते. जानेवारीत फूल हवं म्हणून सगळे दसरा-दिवाळीच्या मध्ये कंद लावतात, गच्चीवाले कुंडीत आणि मांजरी-उरुळीकडचे प्लॉटवर. आणि मग दोन-तीन आठवड्यांनी तक्रार ठरलेली, "अहो, निम्मे उगवलेच नाहीत, बियाणं बोगस निघालं." बियाणं बोगस असतंही कधीकधी, पण आधी जरा उकरून बघा. बऱ्याचदा खाली कंदच नसतो. असला तर वरचा डोळा कुरतडलेला आणि शेजारी तपकिरी सालपटं पसरलेली. हे खारीचं काम.

चूक एकच होते आणि सगळीकडे तीच होते: कंद लावले, पाणी दिलं, हात धुतले आणि जाळी "रविवारी बघू". रविवारपर्यंत खार थांबत नाही हो. ताजी हलवलेली भुसभुशीत माती दिसली की ती उकरून बघणारच, खाली काय आहे ते तिला नंतर कळतं. पहिले दोन-तीन आठवडेच धोक्याचे, नंतर माती बसते, मुळं धरतात, कोंब वर येतो आणि तिचा इंटरेस्ट संपतो. म्हणजे जाळी लागते ती एवढ्याच दिवसांसाठी, आणि नेमकी तेव्हाच ती माळ्यावर गुंडाळून पडलेली असते.

आधी चोर कोण ते ओळखा. खार दिवसा येते, सकाळी ऊन पडल्यावर आणि दुपारनंतर जास्त, खड्डा उथळ, माती चहूकडे उडालेली. रात्रीत खड्डा पडला असेल, बीळ खोल असेल आणि तोंडाशी मातीचा ढीग असेल तर ती घूस किंवा उंदीर, तिथे नुसती वरून जाळी टाकून भागत नाही, वाफ्याच्या कडेनेही जाळी खोल गाडावी लागते.

जाळी कुठली? अर्ध्या इंचाची लोखंडी कोंबडी जाळी किंवा वेल्डमेश, बोहरी आळीत मीटरवर कापून मिळते. एक इंची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, लहान खार त्यातून आरामात आत जाते. कुंडीच्या तोंडापेक्षा चार बोटं मोठी कापा, कडा खाली वाकवा, तारेने कुंडीला बांधा. वाफ्यावर टाकली तर कडेने विटा ठेवा, नाहीतर खार कडेखालून शिरते. पक्ष्यांसाठीची बारीक नायलॉनची नेट मात्र अजिबात नको, त्यात खार अडकते आणि धामणही अडकून मरते, आणि उंदीर खाणारी धामण मेली तर नुकसान आपलंच. प्लॉट मोठा असेल, आंब्या-चिंचेच्या कडेला असेल तर फक्त झाडाजवळच्या ओळींवर बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काट्या पसरा, फुकटात काम होतं.

कोंब बोटभर झाला की जाळी काढा. विसरलात तर पानं भोकात अडकून वाकडी होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आपणच खारीला बोलावतो. लागवडीच्या खड्ड्यात शेंगदाणा पेंड आणि हाडांचा चुरा घालायची आपल्याकडे फार हौस. पेंडीच्या वासावर खार येणार नाही तर काय होणार! पेंड आधी महिनाभर मातीत कुजवून घ्या, नाहीतर लागवडीला फक्त चांगलं कुजलेलं शेणखत वापरा. कुंडीवर नारळाचा काथ्या पसरता तोही ती घरट्यासाठी ओढून नेते आणि नेताना कंद उघडे पाडते. लावताना निघालेली सालपटं उचलून टाका. शेजारच्या काकू रोज कठड्यावर शेंगदाणे ठेवत असतील तर त्यांच्याशी गोडीने बोला, याला दुसरा उपाय नाही.

दुकानदार जे गळ्यात मारतात ते घेऊ नका: आवाजाची मशीन, वासाचे दाणे, प्लास्टिकचं घुबड. घुबडाच्या डोक्यावर बसून शेंगा सोलणारी खार मी पाहिली आहे. त्या पैशात सगळ्या कुंड्यांना पुरेल एवढी जाळी येते. उंदराचं विष तर बागेत नकोच, मांजर, कुत्रं, घरातलं पोर, कोणाच्याही तोंडात जाऊ शकतं.

मिरचीपूड चालते का? चालते, पण पाणी दिलं की धुऊन जाते, मग परत टाका. माझा अंदाज असाही आहे की संध्याकाळी लावून पाणी दिलं तर सकाळपर्यंत माती दबते आणि खार कमी उकरते. राहुरी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत हे सापडणार नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत. जाळी मात्र तरीही त्याच संध्याकाळी.

बाकी नेहमीचं:
- कंद ४-५ सेंमीचे, घट्ट, सुप्तावस्था (काढणीनंतरचा झोपेचा काळ) संपलेले. फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस या राहुरीच्या जाती
- कॅप्टन (बुरशीनाशक) ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात अर्धा तास बुडवून, हातमोजे घालून
- खोली ५-७ सेंमी, डोळा वर. कुंडीत थोडं खोल चालेल
- दोन ओळींत ३० सेंमी, दोन कंदांत १५ सेंमी
- नत्र तीन हप्त्यांत: रोपाला २, ४ आणि ६ पानं आली की
- पाणी बेताचं, साचलं की कंद सडतो

उकरलेला कंद सापडला तर लगेच फेकू नका. दाबून बघा, घट्ट असेल तर खाल्लेला भाग स्वच्छ कापा, परत कॅप्टनमध्ये बुडवा, सावलीत सुकवा आणि लावा. मधला डोळा गेला तरी बाजूचे डोळे फुटतात, फूल उशिरा आणि बारीक येईल एवढंच. मऊ पडला असेल तर मात्र टाका, कंपोस्टमध्येसुद्धा नको.