तळपायात गोळा आला तर काय करावे

आषाढी वारीची पालखी पुण्यात मुक्कामाला होती. भवानी पेठेत एका मंडपात आम्ही काही जण वारकऱ्यांचे पाय चेपायला बसलो होतो. आळंदीहून तीसेक किलोमीटर चालून आलेल्या एका आजींच्या तळपायात माझ्यासमोरच गोळा आला. बोटं खाली वळली, तळव्याची कमान दगडासारखी टणक झाली. मी उत्साहाने अंगठा रोवून दाबायला लागलो, तशी त्यांनी माझा हात झटकला. "माउली, दाबू नगंस, वढ. बोटं माज्याकडं वढ." मी ओढली. अर्ध्या मिनिटात कमान सैल पडली. "आता चोळ," म्हणाल्या.

पेटका आलेल्या पायाचं शास्त्र एवढ्यात येतं: आधी ताण, मग चोळणं. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

कोणी याला पेटका म्हणतं, कोणी वांब, कोणी नुसताच गोळा. आमच्या घरी 'शिरेवर शीर चढली' म्हणायचे. प्रत्यक्षात शीर कुठेही चढत नाही, स्नायू आवळतो आणि सुटायचं विसरतो. तळपायात लहान लहान स्नायूंचे चार थर असतात. शिवाय बोटं वाकवणारे काही लांब स्नायू पोटरीत सुरू होतात आणि त्यांच्या दोऱ्या घोट्यामागून तळव्यात उतरतात. त्यामुळे तळव्याचा पेटका आणि पोटरीचा पेटका हे सख्खे शेजारी.

स्नायू जिथे दोरीला जोडलेला असतो तिथे ताण मोजणारी एक यंत्रणा असते. ताण वाढला की ती मज्जारज्जूला 'आता सोड' असा निरोप धाडते. दमलेल्या आणि आधीच आखडून पडलेल्या स्नायूत हा निरोप क्षीण होतो, 'आवळ' म्हणणाऱ्या नसा मात्र बडबडत राहतात. झोपेत आपली पावलं आपोआप खाली झुकलेली असतात, म्हणजे स्नायू आखूड अवस्थेत. म्हणून हे दुखणं बऱ्याचदा रात्री तीनला उठवतं. ओढल्याने दोरीवर ताण येतो आणि 'सोड'चा निरोप पुन्हा जोरात पोचतो. नुसतं दाबून तो ताण मिळत नाही.

गोळा आला त्या क्षणी

पहिलं म्हणजे अंधारात उडी मारून उठू नका. वयस्कर माणसं पेटक्याने नाही, त्या घाईत पडून जायबंदी होतात. पलंगावरच उठून बसा, गुडघा शक्य तेवढा सरळ करा, पाचही बोटं एका मुठीत धरा आणि नडगीकडे ओढा. अंगठा सुटू देऊ नका. अंगठा वर वळला की टाचेपासून बोटांपर्यंतचा पट्टा ताठ होतो, तो दुसऱ्या हाताच्या बोटांना लागतो. झटके द्यायचे नाहीत. तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं, मग हळूच सोडायचं. पुन्हा आवळलं तर पुन्हा ओढायचं.

हात पावलापर्यंत पोचत नाही? गुडघे दुखतात, पोट आड येतं, सातवा महिना लागलाय. मग ओढणी किंवा पंचा घ्या, चवड्याखालून घाला आणि दोन्ही टोकं लगाम धरल्यासारखी ओढा. ज्यांना वरचेवर त्रास होतो त्यांनी पंचा उशाशीच ठेवावा.

पडायची भीती नसेल तर दिवा लावून उभं राहणं हाही उपाय चालतो. भिंतीला हात टेका, टाच जमिनीवर घट्ट ठेवा, बोटं भिंतीवर चढवा आणि अंग पुढे झुकवा. शहाबादी फरशीवर उभं राहिलं की गोळा जातो, असं जुन्या वाड्यातली माणसं सांगतात. जातो खरा, पण माझ्या मते श्रेय फरशीच्या गारव्यापेक्षा अंगाच्या भाराचं.

कमान सैल पडली की मग चोळा. टाचेकडून बोटांकडे, अंगठ्याने, सोसेल इतकंच. तेल कोणतंही चालेल, त्याचं काम फक्त हात सरकवण्याचं. दुसऱ्या दिवशी तळवा ठणकत राहिला तर कोमट पाण्यात पाय सोडून बसा. मधुमेहामुळे ज्यांचे तळवे बधिर आहेत त्यांनी पाणी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताने तपासून घ्यावं, नाहीतर भाजलेलं कळतही नाही.

पोहताना गोळा आला तर हातपाय झाडू नका. पाठीवर तरंगा, काठ धरा आणि तिथेच बोटं ओढा. पाय मारताना पावलं टोकदार ठेवावी लागतात, म्हणून तलावावर तळव्याचे पेटके फार.

येऊच नये म्हणून

झोपण्यापूर्वी तीन मिनिटं भिंतीशी द्या. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, अंग भिंतीकडे. तीस सेकंद, मग दुसरा पाय. असं तीनदा. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर असा प्रयोग झाला होता, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज झोपताना पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणणाऱ्यांचे रात्रीचे पेटके कमी झाले. फुकटचा उपाय आहे, करून बघायला काय जातं.

थंडीत जड गोधडी पायाशी दुमडून घालायची आपली सवय असते. ती बोटांना रात्रभर खाली दाबून ठेवते. पायाकडची बाजू मोकळी सोडा. दिवसभर ओट्याशी अनवाणी उभं राहणाऱ्यांनी घरात वापरायला जाड तळाची चप्पल घ्यावी, पाय सपाट असतील तर नक्कीच.

आता खाण्यापिण्याचं. घाम गळेपर्यंत चाललात तर मीठ घातलेलं लिंबू सरबत प्या (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून). केळं आवडत असेल तर खा, पण ते पचेपर्यंत पेटका कधीच निघून गेलेला असतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांवरच्या अभ्यासांचा २०२० साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात वयस्करांना फारसा उपयोग दिसला नाही. २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगात काकडीच्या लोणच्याच्या खारट-आंबट पाण्याने पेटका लवकर थांबला, तोही मीठ रक्तात मिसळण्याआधीच. बहुधा घशाला आंबट लागल्याने नसा गप्प बसत असाव्यात. मी हौसेने आपल्या कैरीच्या लोणच्याचा खार चाखून पाहिला. गोळा होता तिथेच राहिला, वर पित्त खवळलं. क्विनाइनच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्या हृदयाची लय आणि रक्तातल्या पेशी बिघडवू शकतात.

डॉक्टरांकडे कधी

एकच पोटरी सुजली, गरम आणि लालसर झाली तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की थांबते, असं होत असेल तर तो पेटका नाही. पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. लघवी जास्त करवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचे काही पंप, थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार यांनीही पेटके वाढतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, बदलून मिळते का ते विचारा.

"किती वेळा येतो?" असं डॉक्टर विचारतात आणि आपण "बरेचदा" म्हणतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करत चला: कोणता पाय, दिवसभर काय केलं. माझ्या वडिलांनी दोन महिने खुणा केल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्या रविवारच्या रात्री निघाल्या. रविवारी सकाळी ते आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतात, उतरतात आणि लगेच स्कूटरला किक मारून घरी येतात. आता उतरल्यावर चहा उकळेपर्यंत टपरीच्या भिंतीला हात टेकून टाचा ताणतात. खूण अजून पडते, पण महिन्यात एखादी.