ठासणीच्या रायफलीवर पीप साइट : निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

पीप साइट, म्हणजे लहान गोल भोकातून पाहून नेम धरायची मागची साइट, बसवल्यावर गोळ्या लक्ष्याच्या वरून जाऊ लागल्या, साइट तळाला टेकेपर्यंत उतरवली तरी त्या खाली येईनात, आणि शेवटी साइटच सदोष आहे असे ठरवून ती डब्यात परत गेली, ही ठासणीची रायफल वापरणाऱ्यांमध्ये नेहमी ऐकू येणारी कहाणी आहे. यात साइटचा दोष क्वचितच असतो. पुढची माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेमाचा उंचवटा), नळीचा अक्ष आणि नेमबाजाचा डोळा यांच्याशी पीप साइटचे माप जुळावे लागते. ते माप न घेता केलेली खरेदी आणि त्यानंतर घाईने मारलेले भोक या दोन गोष्टी पुढच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी असतात.

त्याआधी एक चूक अशी आहे की ती दुसऱ्यांदा करण्याची संधी मिळेलच असे नाही. ठासणीच्या रायफलीत दारू भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि टोपी (घोड्याच्या आघाताने पेटणारी) काढलेली असणे किंवा चकमकीच्या रायफलीत कानातली (नळीबाहेरच्या खळगीतली) रंजक झाडलेली असणे हा नळी रिकामी असल्याचा पुरावा नव्हे. गज (दारू-गोळी ठासायची काठी) नळीत तळापर्यंत सोडावा, तोंडाशी त्याच्यावर अंगठ्याचे नख धरावे, मग तोच गज बाहेर काढून नळीच्या कडेला, नख तोंडाशी जुळवून धरावा. गजाचे टोक ब्रीच प्लगाच्या (नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या बुचाच्या) तोंडापर्यंत, म्हणजे टोपी चढवायच्या निपलच्या किंवा बत्तीच्या छिद्राच्या जवळपास पोहोचले तर नळी रिकामी आहे. तीन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत भरणा आहे. ही खात्री झाल्याशिवाय रायफल शिकंजात धरू नये.

भोक लहान म्हणजे नेम अचूक, हा गैरसमज

पीप साइट घेताना बहुतेकांचा हात सर्वांत लहान भोकाच्या चकतीकडे जातो. सुमारे १.३ मिलिमीटरच्या भोकातून भर उन्हात कागदी लक्ष्य अतिशय रेखीव दिसते हे खरे आहे, कारण लहान छिद्रामुळे माशी आणि लक्ष्य ही दोन्ही एकाच वेळी बरीच स्पष्ट दिसतात. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर हा फरक लगेच जाणवतो. परंतु संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंदावते ती जास्त प्रकाश घेण्यासाठीच, आणि तिच्यापुढे एवढेसे छिद्र धरले की तो प्रकाश अडतो व माशी काळोखात बुडते. शिकारीसाठी सुमारे २.४ ते ३.२ मिलिमीटरचे भोक घ्यावे, किंवा चकती पूर्ण काढून नुसत्या कड्यातून नेम धरावा. मोठ्या भोकाने अचूकता फारशी घटत नाही, कारण वर्तुळाचा मध्य डोळा आपोआप शोधतो. नेमबाजाने फक्त माशीकडे पाहायचे असते. मुद्दाम वर्तुळात माशी मधोमध बसवण्याची खटपट करणारा नेमबाज खाचेच्या साइटची सवय पीप साइटवर लादत असतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याला वेगवेगळ्या मापांची तीन भोके पाडून, दिवस मावळताना ती डोळ्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर धरून दूरच्या झाडाच्या खोडाकडे पाहावे. कोणते भोक आपल्या कामाचे हे तिथेच कळते.

याच्याशीच जोडलेली दुसरी चूक जागेची आहे. नळीवर मूळ साइटसाठी जी डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाच असते, तिच्यातच पीप साइट सरकवून बसवली की भोक पाडायला लागत नाही, म्हणून तो मार्ग सोपा वाटतो. पण ती खाच डोळ्यापासून हातभर अंतरावर असते. एवढ्या दूरचे भोक टाचणीच्या डोक्याएवढे दिसते, प्रकाश अडतो आणि पीप साइटचा मुख्य फायदाच नाहीसा होतो. तिची जागा ब्रीचवर (नळीच्या मागच्या टोकावर) किंवा त्याच्या मागे दस्त्यावर बसणाऱ्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे टँगवर आहे. डोळ्याच्या अगदी जवळ आणणेही चूकच आहे, कारण जड भरण्याच्या धक्क्याने मागे येणारी धातूची चकती भुवईवर आदळते.

माशीची उंची आधी, साइट नंतर

जुनी खाचेची साइट काढून टाकण्याची घाई करू नये. ती रायफलीवर असताना आणि तिने नेम बरोबर लागत असताना एक साधे माप घेता येते, आणि ती उतरवली की ते माप कायमचे हातचे जाते. माशीच्या टोकाला बारीक दोरा अडकवून तो जुन्या साइटच्या वरच्या कडेला जेमतेम स्पर्श करील असा ताणून मागे टँगपर्यंत आणावा. दोरा खाचेच्या तळातून नेण्याची चूक अनेकजण करतात. नेम धरताना माशीचे टोक खाचेच्या वरच्या कडेशी समपातळीत येते, म्हणून दोराही तिथूनच गेला पाहिजे. टँगवर जिथे नवी साइट बसणार आहे तिथे दोऱ्याची जी उंची भरेल, तेवढ्या उंचीवर पीप साइटचे भोक आले तर सध्याची माशी न बदलता काम होईल.

बहुतेक वेळा असे दिसते की घेऊ घातलेल्या साइटचे भोक अगदी खालच्या टप्प्यावरही दोऱ्याच्या वर राहते. मागची साइट उंच झाली की गोळी वर जाते, आणि मागची आणखी खाली येत नसेल तर पुढची माशी उंच करणे हाच उपाय उरतो. किती उंच, याचे गणित सोपे आहे : दोन साइटमधील अंतराला गोळीच्या चुकीने गुणावे आणि लक्ष्याच्या अंतराने भागावे. समजा माशीपासून पीप साइटपर्यंत ८०० मिलिमीटर आहेत आणि ५० मीटरवर गोळ्या १५० मिलिमीटर वर लागत आहेत. ८०० गुणिले १५० भागिले ५०,००० म्हणजे २.४ मिलिमीटर, एवढी माशी वाढवावी लागेल. प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त उंच माशी घ्यावी, कारण ती कानशीने घासून कमी करता येते, पण घासलेली माशी वाढत नाही.

आणि कानस हातात घेण्याची वेळ शेवटची आहे. दारूचे माप, गोळी, कापडी पट्टी आणि तिचे वंगण ही सगळी घडी पक्की झाल्यावरच माशीला हात लावावा. यापैकी एक बदलले तरी गोळी वर-खाली सरकते, आणि आधीच घासून ठेवलेली माशी मग निरुपयोगी ठरते.

जाता जाता जुन्या साइटबद्दल : पीप साइट लागल्यावर ती उतरवावी किंवा आडवी पाडावी. भोकातून पाहताना मध्येच तिची खाच दिसत राहिली तर डोळा दोन ठिकाणी अडकतो. रिकाम्या डव्हटेलमध्ये पोलादाचा भराव बसवला की तिथे काजळी साचत नाही.

टँग, आकडा आणि स्क्रू

हॉकन धाटणीच्या (जुन्या अमेरिकन घडणीच्या) पुष्कळ रायफलींत नळीच्या मागच्या टोकाला आकडा असतो. तो टँगच्या खोबणीत अडकतो आणि दस्त्यातून आडवी जाणारी पाचर नळीला जागेवर धरते. पाचर काढून नळी सुटी धुता येते, ही मोठी सोय आहे. पण अशा रायफलीत टँगवर पीप साइट बसवली की मागची साइट दस्त्याला आणि माशी नळीला जोडलेली राहते, आणि आकडा झिजलेला असेल तर प्रत्येक बाराला दोघींचे नाते थोडे बदलते. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई वरच्याच मापाच्या रायफलीत ५० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटरचा फरक पाडते. पाचर पक्की ठोकून, एका हाताचे बोट सांध्यावर ठेवून दुसऱ्या हाताने नळी हलवून पाहावी. डोळ्याला न दिसणारी हालचालही बोटाच्या पेराला कळते. हालचाल असेल तर आधी आकडा कारागिराकडून नीट बसवून घ्यावा किंवा नळीवरच धरणारी साइट निवडावी. ही तपासणी न करता साइटचे आटे घट्ट करत बसण्यात दिवसच्या दिवस जातात.

टँगच्या मूळ स्क्रूच्याच जागी साइट धरायची असेल तर लांब स्क्रू लागतो. तो दस्त्यातून खाली ट्रिगरच्या पट्टीपर्यंत जातो, आणि दोन-तीन आटे जास्त लांब असला तरी ट्रिगरच्या यंत्रणेला टेकू शकतो. लक्षण असे की साइट बसवल्यानंतर ट्रिगर अचानक जड, हलका किंवा अडखळता होतो. अशा वेळी रायफल भरू नये; स्क्रू काढून, टोक घासून, पुन्हा रिकाम्या नळीवर घोडा चढवून-उतरवून पाहावा.

ज्या रायफलींना कारखान्यातच भोके पाडून आटे काढलेले असतात, त्यांच्याबाबत आट्यांची जात आधी पाहावी. अमेरिकन साइटसोबत सहसा ६-४८ किंवा ८-४० आट्यांचे (पहिला आकडा स्क्रूच्या जाडीचा क्रमांक, दुसरा एका इंचातले आटे) स्क्रू येतात, तर इटली आणि स्पेनमध्ये बनणाऱ्या अनेक रायफलींवर मेट्रिक आटे असतात. दीड फेऱ्यांनंतर स्क्रू अडू लागला तर जोर लावू नये. आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात लांब स्क्रू तळाला टेकला तर तो घट्ट वाटतो पण साइट हलतच राहते, आणि इनलाइन रायफलीत (जिच्यात ठिणगी नळीच्या सरळ मागून दारूत जाते) असाच स्क्रू ब्रीच प्लगावर दाबला जाऊन तो प्लग सफाईसाठी निघेनासा होतो.

नवे भोक पाडायचेच असेल तर ते काम बंदुकीच्या कारागिराचे आहे, असे माझे ठाम मत आहे. दाब सर्वांत जास्त असतो तो नेमका ब्रीचजवळ, आणि तिथे प्लगाचे आटे कुठे संपतात व दारूची जागा कुठे सुरू होते हे बाहेरून दिसत नाही. शिवाय अष्टकोनी नळीचा वरचा पृष्ठभाग काटेकोर आडवा न धरता भोक पाडले तर साइटचा दांडा तिरपा उभा राहतो, आणि मग उंची बदलली की गोळी बाजूलाही सरकते.

साइट बसली की घोडा अर्ध्यावर आणि पूर्ण मागे चढवून पाहावा. डावी-उजवी फिरवण्याचे बटण बहुधा उजवीकडे असते आणि घोडाही त्याच बाजूला. पूर्ण चढलेला घोडा किंवा चकमकीचा स्क्रू बटणाला घासत असेल तर बटण डाव्या बाजूला घेता येणारी साइट शोधावी. निपलवर टोपी चढवायला बोटांना जागा उरते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

काही शिकारी हंगामांत आणि स्पर्धांत कोणती साइट चालते याचे वेगळे नियम असतात, ते खरेदीपूर्वी वाचावेत. मात्र पीप साइट ही ठासणीच्या रायफलीवरची आधुनिक भेसळ आहे, हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर ८००, ९०० आणि १००० यार्डांवर झालेल्या सामन्यात आयर्लंडचा संघ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन उतरला होता, आणि त्यांच्यावर पीप साइटच होत्या. तो संघ ९३४ विरुद्ध ९३१ असा अवघ्या तीन गुणांनी हरला.

नेम जुळवताना

एक बार चुकला की लगेच साइट फिरवणे ही शेवटची मोठी चूक. काळ्या दारूची काजळी प्रत्येक बारासोबत वाढते, त्यामुळे नळी न पुसता मारलेल्या पाच गोळ्या एका उभ्या रेषेत पसरतात आणि दोष साइटच्या माथी येतो. प्रत्येक बारानंतर सारख्याच पद्धतीने ओला व मग कोरडा कपडा फिरवावा, तीन ते पाच गोळ्यांचा पुंजका पाडावा, आणि त्याच्या मध्यावरून ठरवावे. मागची साइट ज्या दिशेला न्याल त्या दिशेला गोळी जाते. माशी मात्र उलट. साइटवर लिहिलेले पाव मिनिटाचे टिचकीमाप (बटणाच्या एका टिचकीने होणारा बदल; मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठरावीक अंतराच्या दोन साइट गृहीत धरून काढलेले असते. तुमच्या रायफलीवर ते अंतर जास्त असेल तर एका टिचकीने गोळी कमी सरकते.

पुंजका तरीही पसरटच राहिला तर गालाकडे लक्ष द्यावे. जुन्या धाटणीचे दस्ते बरेच खाली उतरते असतात, पीप साइट मात्र उंच असते, आणि मान ताणून धरलेला गाल दर वेळी वेगळ्या जागी पडतो.

काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, म्हणून धुतल्यानंतर साइटचे स्क्रू, चकतीचे आटे आणि तिच्या मागची खोबण ब्रशने कोरडी करून तेलाचा पुसट हात फिरवावा. तेल जास्त झाले तर लहान भोकात त्याचा पातळ पडदा धरतो, पावसात त्याच जागी पाण्याचा थेंब बसतो, आणि माशी गायब झाली असे वाटून नेमबाज साइट फिरवायला लागतो. अशा वेळी आधी भोकात एक फुंकर मारावी.