ट्रेलरच्या बॅटऱ्यांना चार्जर निवडताना: आधी बॅटरी बघा, मग सोलापूरचं ऊन

चार्जरच्या खोक्यावर छापलेला अँपिअरचा मोठा आकडा बघून चार्जर घेऊ नका. दुकानात हे मला वरचेवर सांगावं लागतं, कारण आता सोलापुरातही गाडीमागं जोडायचे कॅम्पिंग ट्रेलर बांधून घेणारी मंडळी येऊ लागली आहेत. कुणाला उजनीच्या काठावर मुक्काम करायचा असतो, कुणाला नळदुर्गाकडं जायचं असतं, तर कुणाला आषाढीला दिंडीत चालणाऱ्या घरच्यांसाठी मागून सोय न्यायची असते. बॅटऱ्या सगळे चार ठिकाणी विचारून घेतात. चार्जरचा विषय शेवटी निघतो, तोही उरलेल्या पैशात. महागाच्या बॅटऱ्या जगणार की मरणार, हे मात्र तोच ठरवतो.

मध्यंतरी एक मुलगा आला. "काका, साठ अँपिअरचाच द्या. लवकर भरतील."

"बॅटऱ्या कुठल्या बसवल्यास?"

"ट्युब्युलर. दीडशेच्या दोन, पॅरललमध्ये."

म्हणजे १२ व्होल्ट, ३०० अँपिअर-तास. पाणी घालायच्या ट्युब्युलरला तिच्या क्षमतेच्या साधारण १० टक्के करंट मानवतो, म्हणून इथं ३० अँपिअरचा चार्जर पुरे. ६० चा लावला तर वेळ निम्मा होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. बॅटऱ्या निम्म्या उतरल्या असतील तर १५० अँपिअर-तास परत भरायचे असतात. ३० अँपिअरने ८० टक्क्यांपर्यंत यायला तीनेक तास लागतात. पुढचे २० टक्के बॅटरी स्वतःच्या चालीने घेते. घागर काठाशी आली की आपण तोटी बारीक करतो, तसा चांगला चार्जर इथं व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरू देतो. या टप्प्याला चार-पाच तास, कधी त्याहून जास्त लागतात. साठचा चार्जर पहिल्या टप्प्यात तास-दीड तास वाचवेल, शेवटच्या टप्प्यात काही नाही. उलट बॅटरी तापेल आणि पाणी लवकर आटेल.

आता ट्रेलरमधला लोडही धरा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४-५ अँपिअर ओढतो, पंखा आणि दिवे मिळून आणखी ३-४. चार्जिंग चालू असताना हे सगळं त्याच ३० मधून जातं. म्हणून दिवसभर फ्रिज चालवणाऱ्याला मी ४० चा सुचवतो, त्याच्या पुढं नाही. अशा वापरात आणखी एक गोष्ट विचारून घ्या. करंट उतरला की 'बॅटरी भरली' असं काही चार्जर समजतात. फ्रिज सतत करंट ओढत राहिला की तो उतरतच नाही आणि चार्जर तासन् तास वरच्या व्होल्टेजवर अडकतो. त्याला वेळेची मर्यादाही हवी.

आता उन्हाचं, कारण आपल्याकडं खरा प्रश्न हाच आहे. चार्जरचे आकडे बहुधा २५ अंश तापमान धरून ठरवलेले असतात: भरताना १४.४ व्होल्ट, भरल्यावर फ्लोटला, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच भरलेली राखायला, १३.५ ते १३.८. बॅटरी तापली की तिला तेवढा व्होल्टेज लागत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत दर अंशाला एका सेलमागं साधारण ४ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात, म्हणजे सहा सेलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत २४. एप्रिलमध्ये पत्र्याच्या पेटीतली बॅटरी ४५ अंशांवर सहज जाते. २० अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा व्होल्ट. तिथं १४.४ ऐवजी १३.९ हवेत. साधा चार्जर हे ओळखत नाही, तो तसाच १४.४ रेटत राहतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: डिस्प्ले, ब्लूटूथ, रंगीत दिवे यांवर पैसे घालवण्याआधी बॅटरीवर चिकटवायचा तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर घ्या. सेन्सर चार्जरच्या पोटात असून उपयोग नाही. तो वायरने बाहेर येऊन बॅटरीच्या अंगाला किंवा टर्मिनलला लागला पाहिजे.

सेन्सर नसलेल्या, त्यातही नॉब फिरवायच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या चार्जरने काय होतं ते मी पेट्या उघडून बघतो. झाकण उचललं की आधी अ‍ॅसिडचा उग्र वास येतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर, व्हेंट प्लगभोवती ओल, बॅटरीच्या बाजू किंचित फुगलेल्या, आणि नुकतंच डिस्टिल्ड वॉटर घातलेलं असूनही पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दांडा तळाला. तो चार्जर गॅरेजमध्ये समोर माणूस उभा असताना ठीक आहे. रात्रभर ट्रेलरला लावून झोपू नका. त्याचा व्होल्टेज १५-१६ पर्यंत चढतो आणि आपणहून थांबत नाही. बाहेर पडणारा हायड्रोजन कोंडला तर एका ठिणगीनं पेट घेतो. पेटीला वर आणि खाली हवेची भोकं हवीत, आणि चार्जर त्याच पेटीत ठेवायचा नाही.

लिथियम, म्हणजे ट्रेलरला चालणारी लिथियम आयर्न फॉस्फेट, घेतली असेल तर हिशोब वेगळा. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला २० ते ५० अँपिअर चालतो, तरी बॅटरीच्या पत्रकातला आकडा शेवटचा धरा. ३० चा चार्जर ती ८० टक्के उतरलेली असली तरी तीनेक तासांत भरतो, शेवटची रखडपट्टी फारशी नसते. पण चार्जरवर लिथियमचा वेगळा मोड हवा. १४.२ ते १४.६ व्होल्ट, आणि 'डिसल्फेशन' किंवा 'इक्वलाइझ' अजिबात नको. ते जास्त व्होल्टेजचे झटके लेडसाठी असतात. बॅटरी पूर्ण उतरून बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्याच संरक्षक सर्किटने, तोडली असेल तर काही चार्जर तिला ओळखतच नाहीत, म्हणून बंद पडलेली बॅटरी जागी करता येते का, हे विचारा. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. दुपारी उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये बीएमएसने चार्जिंग थांबवलं तर तो बिघाड समजू नका. संध्याकाळी लावा.

वीज कुठून घेणार हेही आधी ठरवा. ३० अँपिअरचा चार्जर सुमारे ५०० वॅट ओढतो. स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरा कामी येणारा वाटा, कमी असल्याने जनरेटरवर तो ७५० व्हीएच्या आसपास पडतो, म्हणजे १ केव्हीएचा छोटा जनरेटर कसाबसा चालेल. साठचा चार्जर तर ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावूच नये, त्याला १६ चा सॉकेट हवा. शेतावर व्होल्टेज घसरतो, त्यामुळं १६० पासून २७० व्होल्टपर्यंत चालणारा चार्जर बघा. चार्जरचा पूर्ण अँपिअर किती अंशांपर्यंत मिळतो, तेही पत्रकात असतं. ४० अंशांनंतर घटणारा चार्जर मे महिन्यात हळू भरणारच.

चालत्या गाडीवरून भरायचं असेल तर गाडीच्या बॅटरीची वायर थेट ट्रेलरला जोडू नका. नव्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच व्होल्टेज खाली आणतो, आणि लांब वायरमध्ये आणखी जातो. जाऊन-येऊन १२ मीटर वायर ४ स्क्वेअर एमएमची असेल तर २० अँपिअरला जवळजवळ सव्वा व्होल्ट वाटेतच संपतो. १० स्क्वेअरमध्ये तोच अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. म्हणून १० ची वायर आणि ट्रेलरमध्ये, बॅटरीजवळ, डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून येणारा कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीला हवा तसा करून देणारा. वायरच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज.

बसवल्यावर दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर चार्जरचा प्लस एका बॅटरीवर आणि मायनस दुसरीवर घ्या, नाहीतर एक जास्त भरते आणि दुसरी कायम अर्धवट राहते. जुनी-नवी जोडी लावू नका. पहिल्या रात्री चार्जिंग लावा आणि सकाळी मल्टीमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. लेड बॅटरीला १३.५ ते १३.८ दिसलं तर चार्जर फ्लोटवर आला. अजून १४.४ असेल तर लोड बंद करून दोन तासांनी पुन्हा बघा. तरीही उतरत नसेल, तर बिल घेऊन चार्जर परत करा.